गुरुवारच्या नोंदी

शुक्रवार, ११ मार्च २००५, सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. वेळ नेमकी देते आहे, कारण या अनुभवातले खात्रीने सांगता येईल असे फारसे काही माझ्यापाशी नाही. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असे म्हणवत नाही.

कुरकुंभच्या एका कारखान्यात पूर्वी सोपानमामा दर दोन तासांनी टाकीपाशी जाऊन तापमान रजिस्टरमध्ये लिहीत. ते काम मी संगणकावर आणले. संगणकाने आपोआप नोंद कधी घ्यायची ते सांगणारी वेळापत्रकाची एकच ओळ — मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने. मिनिटाच्या रकान्यात शून्य; जिथे बंधन नाही, तिथे चांदणी (*).

"ताई, ही चांदणी म्हंजी काय?" मामांनी विचारले होते.

"प्रत्येक. प्रत्येक तारीख, प्रत्येक महिना."

"आन् गुरुवारी?"

"गुरुवार वगळलाय. त्या दिवशी वीजच नसते, संगणक बंद."

"टाकी कुठं सुट्टी घेती? मी तर गुरुवारी बी जायचो."

मी हसले होते. ओळ सुरू झाली आणि मामांची बदली गेटवर झाली. शिफारस माझीच होती.

त्या शुक्रवारी फाइलमध्ये आदल्या दिवसाच्या, म्हणजे गुरुवारच्या, नोंदी होत्या. ८.१० — १०१.२. १०.०५ — १०२.४. १२.१५ — १०३. माझी ओळ शून्य मिनिटाखेरीज चालूच शकत नव्हती. तरीही प्रथम मनात आली ती टाकी: तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवे ते द्रावण शंभरापुढे! मी सगळ्यांना बाहेर काढले. टाकीवरचा तापमापक ३१ दाखवत होता.

"मॅडम, तुमच्या चांदण्या तुटल्या वाटतं," सुपरवायझर म्हणाले. मग सहज पुढे म्हणाले, "सोपानमामा दवाखान्यात आहेत. न्यूमोनिया."

संध्याकाळी मी दौंडला गेले. मामांच्या खाटेला तापाचा चार्ट अडकवलेला होता, फॅरनहाइटमध्ये. गुरुवार: ८.१० — १०१.२. १०.०५ — १०२.४. १२.१५ — १०३. मी तो तीनदा वाचला.

"मामी, हा ताप कुणी घेतला?"

"नर्सबाईनं. आन् कोण घेणार?" मामी म्हणाल्या.

मामांनी डोळे उघडले. "टाकी कशी हाय, ताई?"

"थंड आहे. तुम्हीच तापलायत."

"मग मला बी लावा की एक चांदणी."

मामी हसल्या. मला हसू आले नाही. भीतीही वाटली नाही. चार्टवरचे आकडे मी वहीत उतरवून घेतले, एवढेच. संगणक तपासला, तारा तपासल्या, ओळ पुसून नव्याने लिहिली. दवाखान्याचा आणि आमचा काहीही संबंध नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी शिरूरला, घरी होते. शुक्रवारी सकाळी कुणाशी बोलण्याआधी फाइल उघडली. १०.०० — १०४. १२.०० — १०१.८. २.०० — ९८.६. ताप उतरला होता. मी खुर्चीला पाठ टेकली, आणि मग खाली आणखी एक नोंद दिसली.

तेवढ्यात सुपरवायझर दारात आले. मामा काल सकाळी पावणेअकराला गेले, पाच वाजता अग्नी दिला, असे त्यांनी सांगितले. नर्सने शेवटचा ताप दहा वाजता घेतला होता. त्यानंतर मामांना तापमापक कुणीही लावला नव्हता. हे मी मामींना, नर्सला आणि डॉक्टरांना वेगवेगळे विचारून घेतले आहे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पाच वाजल्यानंतर एकही नोंद नाही. फाइलमधून वहीत उतरवलेली शेवटची: ४.०० — ९५.४.