गाभा मधोमध हवा

लोणी काळभोरजवळच्या आमच्या कारखान्यात काचेच्या तारा बनत. केसाएवढी तार, आणि तिच्या पोटात केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा गाभा. टेलिफोन-इंटरनेटचा सगळा उजेड त्या गाभ्यातून पळतो. अठ्ठ्याण्णव साली गावोगाव रस्ते खणून या तारा पुरण्याचं वेड लागलं होतं. गाभा जरा बाजूला सरकलेला असला, की दोन तारा जोडताना उजेड सांडतो. म्हणून प्रत्येक रिळाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली मोजायचा. ते काम सीताराम गायकवाडांचं, आणि त्यांच्या हाताखाली माझं.

गायकवाडकाकांनी लिहिलेल्या आकड्याशी वाद घालायची साहेबांचीही टाप नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, की तुकडा नेहमी मधोमध आणायचा, कडेला भिंग खोटं बोलतं.

दिवाळीनंतर मात्र त्यांच्यामागून मी खुर्चीत बसले, की तुकडा कडेला सापडू लागला. मग त्यांनी स्कूटर विकली. कंबर दुखते म्हणाले, आणि बिबवेवाडीहून बसमध्ये उभं राहून येऊ लागले. अशा कंबरेला काय म्हणावं? मी त्यांना तसं विचारलंच. तेव्हा डबा बाजूला सारून त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. चष्मा नाही, ऑपरेशन नाही, डॉक्टरांनी हात टेकले होते. कडेचं तेवढं दिसत होतं. निवृत्तीला चार वर्षं होती. मोजण्यावाचून मला दुसरं काही येत नाही, साहेबांना सांगू नका, एवढंच ते म्हणाले. मला भयंकर राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

मग ते चहाला गेले की मी त्यांचे तुकडे पुन्हा मोजायचे आणि चुकलेला आकडा रबराने खोडून बरोबर लिहायचे. तीन महिने निभावलं. फेब्रुवारीत आई आजारी पडली, म्हणून मी दोन दिवस रजा घेतली. नेमकी त्याच दोन दिवसांतली रिळं महिन्याभरात परत आली. गाभा सरकलेला होता.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, आकडे कोणाचे? काका उठले आणि माझे म्हणाले.

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले.

"ताई, ते दोन दिवस तेवढे माझे होते," ते म्हणाले. "बाकीचे आकडे तुमचे. खोडलेला कागद बोटाला खरखरीत लागतो."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन ते खुर्चीत बसले. एक तुकडा लावा म्हणाले. मी लावला. त्यांनी डोळा टेकवला आणि बराच वेळ चाक फिरवत राहिले.

"मधोमध आहे का?"

मी हो म्हणाले.

"मग बरोबर," ते म्हणाले. "दिसत नाहीये."