बोहोल बेटावरचं प्युअर व्हेज

"सुधा, ह्या भाजीला मिशा आहेत," अंबक्का म्हणाल्या.

फिलिपीन्समधल्या बोहोल बेटावर, लोबोक नदीतल्या एका मोठ्या नावेवर आमचा ग्रुप जेवायला बसला होता. दोन्ही काठांवर नारळाची दाटी, हिरवंगार पाणी, नावेच्या टोकाशी गिटार वाजवणारा माणूस. ब्रोशरवर छापावं असं सगळं. आणि अंबक्कांच्या चमच्यात, लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा यांच्या मधोमध, एक छोटीशी कोळंबी. बाकीच्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. गिटारवाला तेवढा वाजवत राहिला.

मी तडक आचाऱ्याकडे गेले. तो बिचारा गोंधळला. "भाजीच आहे मॅडम. मांस कुठं आहे यात? कोळंबी नुसती चवीला."

बंगळूरहून फॅक्सवर फॅक्स करून मी 'प्युअर व्हेज' कन्फर्म करून घेतलं होतं. त्यांनीही दर वेळी 'येस मॅडम' कळवलं होतं. त्यांच्या हिशेबी त्यांनी शब्द पाळला होता. ज्यात मटणाचे तुकडे दिसत नाहीत, ती भाजी.

मी मूळची चामराजपेटची. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात, घरात मराठी आणि दारात कन्नड. नव्वदच्या दशकात मी मल्लेश्वरमच्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत काउंटरवर तिकिटं लिहायचे. आनेकलच्या बाजूच्या एका पंपसेटच्या कारखान्याने आपल्या डीलर्सना सपत्नीक फिलिपीन्सला न्यायचं ठरवलं. आमच्या धंद्यात याला इन्सेन्टिव्ह टूर म्हणतात, म्हणजे माल जास्त खपवा, कंपनी फिरवून आणेल. आमचा नेहमीचा टूर मॅनेजर ऐनवेळी काविळीने आडवा झाला. आमचे बॉस शेणॉय सर, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सुधा, तू जा."

"सर, मी काउंटरवरची. मी ग्रुप कधी नेलाय?"

"पासपोर्ट आहे ना? मग झालं. ग्रुप हसत परत आला तर पुढच्या सगळ्या फॉरेन टूर तुझ्या. रडत आला तर..." त्यांनी काचेतून काउंटरकडे बोट दाखवलं.

मला ते काउंटर नको होतं. दिवसभर लोकांना सिंगापूर आणि लंडनची तिकिटं लिहून द्यायची आणि संध्याकाळी आपण चामराजपेटची बस पकडायची, याचा मला मनापासून कंटाळा आला होता. मला जायचं होतं. त्यामुळे त्या कोळंबीकडे बघताना मला आमचं काउंटरच दिसत होतं.

शाकाहारी ग्रुप नेताना एक नियम असतो: कोरडं खाणं जवळ ठेवा. तेही आम्ही केलं होतं. अंबक्का म्हणजे चामराजपेटचेच डीलर सदाशिवअण्णा यांच्या पत्नी, ग्रुपमध्ये वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांनी आणि इतर बायकांनी चकल्या, कोडबळी, दशम्या, मेतकूट, पुळियोगरेच्या चिंचभाताचं गोज्जू असे डब्यांवर डबे आणले होते. सगळी टूर निभावली असती. पण आपल्या लोकांना डबा एकट्याने उघडता येत नाही. मनिलाच्या विमानतळावर शेजारच्या अनोळखी कुटुंबाला चकल्या. फेरीबोटीवर खलाशांना कोडबळी. बसच्या ड्रायव्हरला दशमी, ती आवडली म्हणून त्याच्या घरच्यांसाठी आणखी. आमची लोकल गाइड नेनिता, पंचविशीची हसरी मुलगी. तिच्या हातात तर अंबक्कांनी चकल्यांची अख्खी पिशवी दिली.

"अक्का, स्वल्प मागे ठेवा," मी हळूच म्हणाले होते.

"समोर माणूस बसलंय आणि आपण तेवढं तोंड हलवायचं? सरी दिसतंय का ते, बरं दिसतंय?"

झालं. बोहोलला उतरलो त्याच संध्याकाळी डब्यांच्या तळाशी चुरा.

नावेवर सगळ्यांनी केळी खाल्ली आणि आम्ही साइटसीइंगला निघालो. पहिल्यांदा टार्सियर. मुठीत मावेल एवढा माकडासारखा प्राणी, निम्मा चेहरा नुसते डोळेच. एरवी लोकांनी कॅमेऱ्याचे रोल संपवले असते. सदाशिवअण्णांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, "हे पण उपाशीच आहे," म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले.

मग चॉकलेट हिल्स. नजर पोचेल तिथपर्यंत एकसारख्या गोल टेकड्या. उन्हाळ्यात वरचं गवत वाळून तपकिरी होतं म्हणून हे नाव. आम्ही धापा टाकत वर चढलो. समोर ताटात वळून ठेवलेल्या बेसनाच्या लाडवांसारख्या त्या टेकड्या.

"उपाशी माणसाला हे दाखवू नये गे," अंबक्का एवढंच म्हणाल्या. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण टूरच्या धंद्यातल्याच कुणीतरी काढली असावी.

खाली उतरताना गोखल्यांनी मला गाठलं. ते कारखान्याचे सेल्स मॅनेजर, पुण्याहून नव्याने बंगळूरला आलेले. कंपनीच्या वतीने ग्रुपवर आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे.

"मॅम, धिस इज नॉट डन. सीनियर डीलर्स आहेत हे. लिटरली केळ्यांवर आहेत दुपारपासून. संध्याकाळी एमडींना माझा कॉल असतो. काय सांगू त्यांना?"

"संध्याकाळ व्हायची आहे अजून, सर."

बोलायला बोलले, पण तोंडचं पाणी पळालं होतं. हॉटेल लांब होतं आणि तिथल्या आचाऱ्याचीही भाजीची व्याख्या तीच असणार.

नेनिता शेजारी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "मॅडम, आज आमच्या गावचा फिएस्टा आहे. वाटेतच आहे गाव. आज सगळ्या घरांची दारं उघडी असतात, येईल त्याला जेवायला घालतात. तुमच्या चकल्या घरी सगळ्यांनी खाल्ल्या. सगळ्यांना घेऊन ये म्हणून सकाळी निघतानाच आई मागे लागली होती."

"मांस नसेल ना?"

मुलगी प्रामाणिक होती. "टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर आहे, मॅडम."

आगीतून फुफाट्यात. स्वतः न पाहिलेल्या ठिकाणी ग्रुप न्यायचा नाही, हाही एक नियम आहे. म्हणून बस गावाच्या वेशीवर थांबवली आणि मी एकटी नेनिताबरोबर पुढे गेले. अंगणात बँड वाजत होता, घरात पाहुण्यांची ही गर्दी, आणि मधल्या टेबलावर ते डुक्कर, तुकतुकीत, नेमकं माझ्याकडे तोंड करून. मी पदर सावरत बाजूने सटकले आणि थेट मागच्या स्वयंपाकघरात शिरले.

तिथे थबकलेच. नारळांचा ढीग. तांदूळ, हिरवे मूग, वांगी, केळफूल. नेनिताची आई सुपात शेवग्याचा पाला निवडत होती. कोपऱ्यात लाकडी पाटाची खवणी, तिच्या तोंडाशी लोखंडी पातं, बसून नारळ खोवायची, हुबेहूब आमच्या घरातल्यासारखी. डुक्कर वगळलं तर हे आमचंच स्वयंपाकघर होतं. माझ्या जिवात जीव आला.

आता मागायचं कसं? पाहुण्याने यजमानीणबाईंना 'तुमची चूल द्या, आम्ही आमचं करून घेतो' म्हणायचं, म्हणजे आपल्याकडे जन्माचा अपमान. मी अवघडत अवघडत नेनिताकरवी सांगितलं. आईने ऐकून घेतलं, फळीवरून एक कोरं पातेलं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आई म्हणते, सणाच्या दिवशी घरात कामाला एवढे हात आले, आणखी काय पाहिजे?"

मी बसमध्ये परतले आणि माइक हातात घेतला. काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. "घरात डुक्कर आहे. टेबलावर, अख्खं. आपण पुढच्या दाराने जायचं नाही. मागच्या अंगणात फणसाखाली चूल आहे, तिथे आपलं आपण शिजवायचं. ज्यांना चालणार नाही त्यांनी बसमध्ये थांबावं, केळी आहेत."

गोखले खिडकीबाहेर बघत होते. मग अंबक्का उठल्या. "सणादिवशी बाईमाणसानं घरी बोलावलंय आणि आपण बसमध्ये केळी खात बसायची? चला, उठा!"

पुढचा तासभर मला काहीच करावं लागलं नाही. अंबक्का खवणीवर अशा बसल्या, जशा काही माहेरी आल्यात. एरवी आयतं ताट लागणारे डीलर लोक वांगी चिरायला लागले. मूग आणि शेवग्याच्या पाल्याची आमटी, वर ओल्या नारळाचं वाटण, वांग्याची भाजी, भात. नेनिताच्या आईने त्यांचे 'पुतो' आणून ठेवले, तांदळाचे वाफवलेले पांढरेशुभ्र गोळे.

"इडली!" सदाशिवअण्णा ओरडले. अंडं घातलं नाही ना, हे मी दोनदा विचारून खात्री केली, तोवर अण्णा आमटीत बुडवून तयार.

आमटीचा वास पुढच्या अंगणात पोचला असावा. गावातले पाहुणे हातात डुकराच्या मांसाची ताटं घेऊन कुतूहलाने मागे डोकवायला लागले. अंबक्कांनी तोंड वाकडं केलं नाही. रिकाम्या वाट्या मागवल्या आणि येईल त्याला आमटी वाढायला लागल्या. पातेलं संपलं तर दुसरं चढवलं. नेनिताची आई शेजारी उभी राहून वाटण शिकत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या. ते बघून मला इतका आनंद झाला की काउंटर, शेणॉय सर, सगळं काही वेळ विसरूनच गेले.

प्यायचं पाणी आणायला म्हणून मी घरातून गेले. मधल्या खोलीत कुर्रकन आवाज आला. टेबलाशी गोखले उभे होते. ताटात भाजलेल्या डुकराच्या खरपूस सालीचा मोठा तुकडा, अर्धा तोंडात. मला बघून त्यांचं चावणं थांबलं.

"मॅम... म्हणजे, होस्ट्सना वाईट वाटायला नको म्हणून."

"बरोबर आहे, सर. मागे आमटी आहे, तीही घ्या. अंबक्कांनाही वाईट वाटायला नको."

संध्याकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवरून त्यांचा एमडींना फोन झाला. मी शेजारीच रूमच्या किल्ल्या वाटत होते. "सर, एक्सलंट! फूडचं तर विचारूच नका," ते म्हणाले आणि लगेच विषय बदलला.

बंगळूरला परतल्यावर सदाशिवअण्णा आणि अंबक्का मल्लेश्वरमच्या ऑफिसात मुद्दाम आले आणि शेणॉय सरांसमोर तासभर त्या फणसाखालच्या जेवणाचं वर्णन करून गेले. सर खूश.

"सुधा, पुढच्या ब्रोशरमध्ये हा आयटम टाकू. गावातल्या घरी स्वयंपाक."

"सर, तो बुक करता येत नाही. कुणी बोलावलं तरच मिळतो."

सरांनी ब्रोशर बाजूला सारलं. "बरं. पुढच्या महिन्यात बँकॉकचा ग्रुप आहे, त्याची तयारी कर." आठवड्याभरात काउंटरवर दुसरी मुलगी आली.

नंतर मी बरेच देश केले. 'व्हेज आहे का?' हे पुन्हा कुणाला विचारलं नाही. 'यात काय काय घातलंय?' असं विचारते, तेही स्वयंपाकघरात उभं राहून. एकदा मंडळी जेवायला बसली, की कुणाच्या ताटात काय आहे ते मात्र बघत नाही.