दिवेलागणीचा प्रश्न

मी येळ्ळूरचा. आमच्याकडं मोकळं रान, काळी माती. हिवताप आमच्या गावात पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र तो घरचाच होऊन राहिलेला. आक्काला गुंजीजवळच्या एका खेड्यात दिली, तेव्हा आईनं बाकी कशाची नाही, तापाचीच काळजी केली होती.

पुढं मी डॉक्टरकी शिकलो आणि सरकारच्या हिवताप संशोधनाच्या पथकात लागलो. स्वातंत्र्याला अजून बरीच वर्षं होती. आमचे मुख्य डॉक्टर पुण्याकडचे, कमी बोलणारे. मंजुरी एकाच हंगामाची होती. लोंढ्यापासून खानापूरपर्यंतच्या सगळ्या गावांना औषध पुरणार नाही, हे उघड होतं. आम्हा पोराटोरांचं मत पडलं, की सगळीकडं थोडं थोडं करावं. निदान शिव्या तरी कमी खाव्या लागतील. ते म्हणाले, "चिमूटभर मीठ सगळ्या गावच्या आमटीत वाटलं तर कुणाचीच आमटी खारट होत नाही. एकच खोरं घेऊ. तिथं ताप हटवून दाखवला, तर वरची समिती सगळ्या तालुक्याला पैसे देईल."

त्यांनी निवडलेल्या खोऱ्यात आक्काचं गाव होतं. ती माझी बहीण, हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात देवापुढं नारळ फोडला.

परदेशी शेवंतीच्या फुलांचा अर्क रॉकेलात मिसळून घरोघर फवारायचा, म्हणजे माणसं निजतात तिथंच डास मरतील, असा बेत होता. त्यासाठी कोण कुठं झोपतं ते आधी विचारायला हवं. बायका दिवसभर शेतात. म्हणून आम्ही दिवेलागणीला दारोदार गेलो. "घरात झोपायला कोण कोण असतं?" घरोघरच्या बायकांनी घरची सगळी माणसं सांगितली. आक्कानंही सासू, पोरं, दाजी, सगळे मोजले. गाव घरातच निजतं, असं ठरलं आणि फवारणी सुरू झाली.

पावसाळा सरता सरता पोरांचा ताप खरोखर उतरू लागला. डॉक्टर एकदा चक्क हसले. पण भात पोटरीला आलं आणि गावातली धडधाकट बाप्यामाणसं एकेक करून अंथरूण धरू लागली. आम्हाला काही उमजेना. दिवाळीच्या तोंडावर दाजी पडले. मी क्विनाईन दिलं, उशाशी बसून राहिलो. ताप मेंदूत गेला. शेवटी त्यांनी मलाही ओळखलं नाही. लई दिलदार माणूस. माझ्या शिक्षणापायी त्यांनी आपली बैलजोडी मोडली होती, आणि त्याच शिक्षणानं मला त्यांची नाडी धरून नुसतं बसायला लावलं. अजूनही हे आठवलं की मला स्वतःच्या विद्येचा राग येतो.

दाजींचं दिवसकार्य उरकल्यावर मी आक्काच्या सोप्यात बसलो होतो. समोर भाताच्या खाचरात त्यांचा राखणीचा उंच माळा दिसत होता. त्यावर त्यांची घोंगडी तशीच पडलेली.

"घोंगडी तिथं कशाला?" मी विचारलं.

"रानडुकरं भात ठेवत्यात व्हय? पोटरीला आल्यापासनं तिथंच निजत हुते. समदेच बापे निजत्यात."

माळे आम्ही रोज पाहत होतो. पण येळ्ळूरला माळा असतो पाखरं हाकायला. दिवस बुडाला की राखणदार घरी येतो. इथं तो दिवस बुडाल्यावर चढतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग आम्ही विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस, आक्का?"

"दिवेलागणीला इचारलंस रं. माझ्या हातात दिवा हुता. त्या वक्ताला घरधन्याला घरात न्हाय म्हणू? आई म्हणली असती?"

आई कधीच म्हणाली नसती. आप्पांना यायला उशीर झाला आणि तिन्हीसांजेला कुणी चौकशी केली, तर ती म्हणायची, "आलेच एवढ्यात." दिवा लागताना घरच्या माणसाला 'नाही' म्हणायचं नसतं, हे मला बाळपणापासून माहीत होतं. खोऱ्यातल्या कुठल्याच बाईनं ते म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. "बेत माझा. विचारायची वेळही मीच ठरवली," एवढंच म्हणाले. मग ते समितीपुढं गेले. आणखी एक हंगाम द्या, माळ्यांवर मच्छरदाण्या आणि क्विनाईन पोचवू, असं विनवलं. समितीनं ऐकून घेतलं. मोठ्यांचा ताप हटला नाही, म्हणजे योजना फसली, असा निकाल देऊन पैसा दुसरीकडं वळवला. तालुक्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्या समितीत शहाणी माणसं होती म्हणतात. असतील. त्यांच्यातलं कुणी माळ्यावर निजलं नव्हतं. पण आम्ही तरी कुठं निजलो होतो?

मुक्काम हलवण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा एकदा गावभर विचारायचं ठरवलं. पुढं कुणी आलंच तर त्याला खरं कळावं, म्हणून. या वेळी सकाळी. आक्का अंगण झाडत होती. आम्हाला बघून तिनं केरसुणी बाजूला ठेवली.

"आता सकाळी इचारता व्हय? इचार."

मी वहीचं पान उघडून खाली मान घातली. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "बाई, घरात झोपायला कोण कोण असतं?"

तिनं सासू सांगितली, पोरं सांगितली, स्वतःला सांगितलं. मग आपणहून म्हणाली, "आन् ते न्हाईत. आता म्हणलं तर चालतंय."