हळदीचा रोल

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असतील, चौथीनंतर शाळा सुटली — तेवढं माफ कर. तू कोण ते मला ठाऊक नाही, मैत्रीण समजून लिहिते. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मी ज्या फोटो लॅबमध्ये काम करते तिथं अजून स्लाइडचा रोल धुतात. साध्या रोलचे रंग प्रिंट काढताना सुधारता येतात. स्लाइडचं तसं नाही. फिल्मवरच खरं चित्र उमटतं — जसं आलं तसं, कायमचं. ओली पट्टी खिडकीशी धरली की काडेपेटीहून लहान चौकटीत अख्खं खुलताबाद, वरचं आभाळ, सगळं जिवंत. ते पहिलं बघणं माझं होतं. लॅबचे मालक, आमचे सर, मला म्हणायचे, "आक्का, बघा बरं, कसा उतरलाय?" एरवी मला कोण काय विचारतं?

मग सुनीता आली. कन्नड तालुक्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, पण बारावी शिकलेली, तोंडानं गोड. काम मीच शिकवलं. थोड्याच दिवसांत सर तिला हाक मारू लागले. मी मागं उभी, ओले हात पदराला पुसत. आणि ती वळून म्हणायची, "आक्का, या की, लई भारी आलाय!" — तिनं बोलवावं? मला? माझ्या खिडकीशी?

पडेगावच्या एका माणसानं मुलीच्या हळदीचा रोल दिला. रंग टिकावेत म्हणून मुद्दाम स्लाइडवर काढलेला. रोल धुवायचं औषध ठरावीक गरम लागतं, नाहीतर चित्र नीट उमटत नाही, म्हणून बाटल्या गरम पाण्याच्या टबात ठेवतात. सुनीतानं सगळं मोजून लावलं आणि रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत भरायला अंधाऱ्या खोलीत गेली. तेव्हा मी — लिहितेच आता — टबातलं पाणी उपसलं आणि नळाचं गार ओतलं. चुकून नाही. तिचा रोल बिघडावा, सरांनी पुन्हा मला हाक मारावी, एवढ्यासाठी. हळद कुणाची आहे, हे मनात आलं नाही का? आलं. तरी ओतलं.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "आक्का, पाणी ठीक हाय ना?"

मी म्हणाले, "व्हय."

तिनं परत मोजलं नाही. मी सांगितलं होतं ना.

रोल काळवंडून आला. पिवळा रंग मातकट, नवरीचं तोंड अंधारात बसल्यासारखं. बाप पट्टी धरून बघत राहिला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आता परत हळद कुठं लागायची?"

सरांनी नुकसानीचे पैसे सुनीताच्या पगारातून कापले. खिडकीशी मला बोलावलं. मी गेले — आनंदानं गेले.

त्या महिन्यात तिला खोलीच्या भाड्याला कमी पडले. ती माझ्याकडंच आली. "आक्का, तुमच्याबिगर कुणाला मागू?" मी उसने दिले. देताना मला मोठं वाटलं, खोटं कशाला सांगू? दर पगाराला थोडे थोडे करून ती फेडत राहिली. तेव्हाही बोलता आलं असतं. दर वेळी आलं असतं.

काल तिनं उरलेले आणून दिले. "फिटले बघा, आक्का. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी नोटा तिच्यासमोर मोजल्या. पूर्ण होत्या. मी घेतल्या.