सोळा पत्र्यांचं घर

कांजूरमार्गची ती आग अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीतल्या फजितीचे किस्से मी लग्नाकार्यात न विचारता सांगतो. हा सुरू केला की बायको वाढप्याला हाक मारते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि माणसाच्या चेहऱ्यावरून गुन्हा ओळखतो, असा माझा समज होता. खाडीच्या बाजूच्या वस्तीत भरदुपारी आग लागली, वस्तीचा एक तुकडा जळून गेला. माणसं कामावर होती म्हणून वाचली. अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी मात्र गेली. तिची सून जवळच्याच कारखान्यात पॅकिंगला जायची. निघण्यापूर्वी तिने सासूसाठी स्टोव्हवर पेज केली होती आणि आग त्याच घराच्या बाजूने सुरू झाली होती. मला तेवढं पुरे झालं.

"स्टोव्ह विझवायला चावी सैल करून हवा सोडलेली मी, सायबानू," ती म्हणाली.

"नक्की?"

"व्हय."

"रोज सोडता ना? म्हणून त्या दिवशीही सोडली असं वाटत असेल."

हेच मी इतक्या वेळा फिरवून फिरवून विचारलं की संध्याकाळी ती म्हणाली, "असेल. घाईत राहिली असेल." मी लगेच जबाबात घेतलं. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा दाखल केला. तिला जामीन मिळाला, पण वस्तीत तिच्याशी कोणी बोलेना. नवरा गिरणीतली नोकरी सुटल्यापासून कमीच बोलायचा. आता त्याची आई गेली होती. तो घरातही बोलेनासा झाला.

काही दिवसांनी आमच्या खबऱ्याने निरोप आणला. "आग लागली नाही साहेब, लावलीय. वस्तीच्या दादाला जागा पायजे होती."

मी दादाकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. तोवर जळके पत्रे ठोकूनठाकून घरं पुन्हा उभी राहिली होती. त्या वस्तीत घराचं माप पत्र्यांत सांगत. चारी भिंतींना मिळून सोळा पत्रे लागले की ते सोळा पत्र्यांचं घर. दारही त्यातल्याच एका पत्र्याचं.

"मी कोणाची जागा खाल्ली, सांगा ना," दादा म्हणाला. "सोळावाल्याला सोळाच पत्र्यांचं घर दिलंय. मोजा तुम्ही. एक कमी निघाला तर खुशाल बेड्या घाला."

मी मोजले. हात काजळीने काळे करत, एकेका घराभोवती फेरी मारून. सगळीकडे सोळाच. पूर्वीची चौकोनी घरं आता लांबट झाली होती खरी, पण दादा म्हणाला, आगीचा बंब आत यायला गल्ली सरळ नको का? मला पटलं. 'कोणाचीही जागा कमी झालेली नाही, सबब आग लावण्याचा हेतू दिसून येत नाही,' असा रिपोर्ट मी लिहिला. त्यातल्या 'सबब'वर मी फार खूष होतो.

पुढे एक समन्स बजावायला पुन्हा त्या वस्तीत गेलो, तर कोपऱ्यात नव्या कोऱ्या खोल्या उभ्या. आधी वाटलं, खाडीत भराव घातला असेल. पण मागचा दगडी बांध होता तिथेच होता, पुढचा नालाही. जमीन तेवढीच, जुनी घरं तेवढीच, त्यांचे पत्रे तेवढेच, आणि वर ह्या खोल्या. मग ही जागा आली कुठून?

ठाण्यात येऊन मी काडेपेटी टेबलावर उलटी केली.

"विडी सोडली वाटतं साहेबांनी," हवालदार म्हणाले. "काड्यांचा खेळ मांडलाय."

"गप बसा हो. सोळा काड्या काढा."

एका बाजूला चार, असा चौकोन मी केला. एक काडी म्हणजे एक पत्रा. हवालदारांनी आत काडीच्या मापाचे चौरस आखले. सोळा भरले. मग त्याच काड्यांचा लांबट चौकोन केला, सहा लांब आणि दोन रुंद. आत चौरस भरले बारा.

"काड्या तर तेवढ्याच आहेत, साहेब."

"तेवढ्याच आहेत. हीच तर बोंब आहे."

परिमिती तीच ठेवून क्षेत्रफळातला चौथा हिस्सा उडवला होता. हे प्राथमिक शाळेत शिकवतात. मी प्राथमिक शाळा पास आहे, तसा दाखला सर्व्हिस बुकात जोडलेला आहे. प्रत्येक घरातून थोडी थोडी जागा निघाली होती आणि कोणी तक्रार केली नव्हती. अडचण होत होती, पण पत्रे पुरे होते ना!

दादाला मी हात लावला नाही. नव्या खोल्यांतली एक त्याचा उजवा हात समजल्या जाणाऱ्या माणसाला मिळाली होती. त्याला उचलून एकट्याला बसवलं.

"खोली कशाबद्दल मिळाली?"

"दादाची मेहेरबानी."

"इतक्या माणसांत तुझ्यावरच?"

 शेवटी तो म्हणाला, "बाजूचं घर रिकामं होतं, दादाच्या सांगण्यावरून त्याच्या मागून रॉकेल ओतलं. शेजारी म्हातारी आहे हे माहीत नव्हतं साहेब. खोकली पण नाही ती."

दादा त्याच दिवशी आत गेला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. पुढे नोकरीभर पंचनाम्यात जागेची लांबी आणि रुंदी दोन्ही लिहायला लावत गेलो. हाताखालची पोरं मागून हसायची. कडेने नुसतं फिरून आतलं कळत नाही, हे मला जमिनीच्या बाबतीत कळलं. माणसाच्या बाबतीत कळलं ते त्या बाईकडे गेल्यावर.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. आग तिच्या स्टोव्हमुळे लागली नव्हती, माणूस कबूल झालाय, तिच्यावरची केस आता उभी राहणार नाही, असं मी सांगितलं.

"म्हणजे मी हवा सोडलेली?"

"सोडलीच असणार."

"मला आता आठवत नाय, सायबानू. आधी आठवत होतं. चावी बोटाला लागलेली आठवत होती. तुम्ही विचारत गेलात आणि ते गेलं."

 तिने मानेने आत दाखवलं. "त्यांना सांगा. माझ्या तोंडून खरं वाटायचं नाय."

मी वाकून आत शिरलो. नवरा भिंतीला टेकून बसला होता, त्याचे पाय समोरच्या भिंतीला टेकले होते. त्याच्यापुढे बसायला जागा नव्हती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने पाय जवळ घेतले, मान हलवली. दाराकडे मात्र पाहिलं नाही.