कॉम्प्युटरला वारा घालणारे साडू

खानदेशात माणसाचं आणि वाऱ्याचं कधी पटलेलं नाही. उन्हाळ्यात नको असतो तेव्हा तो भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो, आणि हवा असतो तेव्हा सातपुड्याच्या पलीकडे जाऊन बसतो. अशा मुलखात एकच माणूस असा निपजला की ज्याने वाऱ्याला जन्मभर घरच्या गड्यासारखं राबवलं, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मोठा साडू म्हणून यावा, हा माझ्या पत्रिकेतला योग. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. मी धुळ्याला मास्तरकी केली, ते जळगावला राहिले. मधे एवढं अंतर होतं, पण माझी त्यांच्यापासून सुटका झाली असं मात्र नाही.

सुरुवात माझ्या लग्नातच झाली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि हे गृहस्थ उठले, मंडपातला उभा पंखा उचलला आणि पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. नवरदेवाच्या पाठीला फुकटचा वारा मिळतोय आणि नवरी घामाघूम झाली आहे, हे त्यांचं निदान होतं. निदान बरोबर होतं, नाही कशाला म्हणू. पण पुढच्या ‘सावधान’ला पडलेल्या अक्षता त्या नव्या वाऱ्याने वळल्या आणि निम्म्या भटजींच्या उघड्या तोंडात गेल्या. भटजी खोकत राहिले, मुहूर्त पुढे सरकला, आणि माझे सासरे डोक्याला हात लावून बसले. साडू मात्र जागेवर येऊन समाधानाने मांडी घालून बसले, कारण नवरीचा घाम वाळला होता.

त्यांच्या खिशात कायम उदबत्त्या असतात. त्यामुळे अनोळखी लोकांना हा माणूस फार भाविक वाटतो. खरं म्हणजे कुणाच्याही घरी गेलं की उदबत्ती पेटवायची, खोलीच्या मधोमध धरायची आणि धूर कुठे जातो ते बघत उभं राहायचं, एवढाच त्यांचा धर्म. धुळ्याला माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते असे उदबत्ती धरून खोल्याखोल्यांतून फिरत होते, तर शेजारच्या आजी हात जोडून त्यांच्या मागे मागे. शेवटी मोरीपाशी येऊन ते गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, घर चांगलं शे, पन कोंडायेल शे.” आणि चहा पिऊन होतो न होतो तोच छिन्नी मागून मोरीच्या कोऱ्या भिंतीला भोक पाडायला बसले. त्या भोकातून आजही माझ्या मोरीत वारा येतो, आणि चिमण्याही येतात.

अक्कांचं तर काय सांगावं. देवघराची दारं साडूंनी लग्नानंतर लगेच काढून टाकली, देव काय आंबे आहेत का अढीत घालायला, असं म्हणून. पोह्याच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली. पोह्यांना हवा मिळाली आणि मुंग्यांना पोहे मिळाले. हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा त्यालाही ड्रिलने भोकं पाडून हे स्कूटरवर निघाले. चौकात पोलिसाने अडवलं. ते हेल्मेट बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, तर यांनी त्याला बाजूला घेऊन डोक्याला वारा लागणं का गरजेचं आहे ते समजावलं, आणि वर त्याच्याच टोपीला मागून कुठे भोक पाडता येईल ते बोटाने दाखवलं. पोलिसाने हात जोडून त्यांना जायला सांगितलं. अक्का हे सगळं सांगतात तेव्हा तक्रारीचा सूर लावतात खरा, पण सांगताना हसू काही आवरत नाही त्यांना.

या वेडाला धंद्याचंही खतपाणी होतं. मूळचे ते चोपड्याकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. पुढे जळगावबाहेर केळी पिकवण्याच्या थंड खोल्या सांभाळायचं काम त्यांनी जन्मभर केलं. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून खोलीत रचायची, दार घट्ट लावायचं, फटीला पट्टी मारायची आणि आतल्या पंख्यांनी तीच थंड हवा खोलीतल्या खोलीत फिरवत ठेवायची. कोपऱ्यातल्या फणीलाही मधल्या फणीइतकीच हवा लागली पाहिजे, म्हणजे सगळा माल एकसारखा पिवळा होतो. त्यांच्या खोलीतला माल कधी ठिपकेदार निघाला नाही, असं बाजारात लोक अजून सांगतात. “हवा शे तं बठ्ठं शे,” म्हणजे हवा आहे तर सगळं आहे, हे त्यांचं वाक्य आमच्या नातेवाइकांत लग्नपत्रिकेवर छापायचं तेवढं राहिलं आहे.

आता कॉम्प्युटरकडे येतो. यांची लेक जर्मनीला असते. तिची पोर, म्हणजे अक्कांची एकुलती एक नात, पहिलीत आहे. आणि अक्कांच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं झिजत चालला आहे. समोर धरलेलं नेमकं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मोबाइलवरची नात म्हणजे त्यांना नुसता एक हलणारा ठिपका. डॉक्टरांनी सांगून ठेवलं की आहे ही नजर जपा, पुढचं काही सांगता येत नाही. हे ऐकून घरी आल्यावर साडूंनी लेकीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि रविवारी अक्कांना समोर बसवलं. नातीचं तोंड परातीएवढं दिसलं. अक्का मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेने कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हिचं नाक माझ्यासारखं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून त्या घरात रविवारची दुपार म्हणजे सण. लेकीला वेळ मिळतो तो तिच्याकडच्या सकाळी, आणि तिची सकाळ म्हणजे जळगावची भर दुपार. हिवाळ्यात सगळं छान चाललं. मे महिन्यात मी आणि माझी बायको चार दिवस राहायला गेलो तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकला होता, गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तासाभरात कडकडीत होत होते, आणि तो म्हातारा कॉम्प्युटर मिनिटभर नात दाखवायचा आणि फट्‌कन बंद पडायचा. आतलं यंत्र तापलं की ते स्वतःला वाचवायला बंद होतं, असं दुकानदार म्हणाला. खोलीला एसी बसवा म्हणावं तर दुपारी हमखास वीज जाते, आणि इन्व्हर्टरला एसी झेपत नाही. त्यातून त्या रविवारी नात तोंड उघडून सांगत होती की तिचा पहिला दात पडला. अक्का पुढे सरकल्या, मान वळवली, आणि पडदा काळा झाला. अक्का पदराने चष्मा पुसत बसल्या. साडूंनी मात्र ते बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नाच्या मंडपात पाहिलेला तोच भाव आला.

सोमवारी ते पिशवीभर पंखे घेऊन आले. कॅबिनेटमध्ये बसवायचे, तळहाताएवढे. पुढे पंखा, मागे पंखा, कुशीला पंखा. वर बसवायला जागा नव्हती, म्हणून कॅबिनेट डोक्यावर घेऊन ते पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या चाचांकडे गेले. सोबत मीही. चाचांनी ते खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “इतना छोटा कूलर किसकू ठंडा करेंगा?” साडूंनी सगळी हकिकत सांगितली. दात पडल्याचं ऐकून चाचांनी हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं, पत्रा कापायची कात्री घेतली आणि खोक्याच्या डोक्यावर दोन गोल भोकं अशी काढून दिली की चंद्राला लाज वाटावी.

घरी येऊन साडूंनी सगळे पंखे बसवले, प्रत्येकाला वेगळं बटण दिलं आणि मग ज्या हातांनी जन्मभर केळीच्या खोल्या बंद केल्या त्याच हातांनी कॅबिनेटची एकेक फट चिकटपट्टीने बुजवली. सगळ्या पंख्यांची तोंडं आत. एवढी हवा आत कोंबल्यावर कोणता कोपरा गरम राहील, असा त्यांचा सवाल होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी मान डोलावली. मंगळवारी दुपारी चाचणी घेतली. कॉम्प्युटर आधी मिनिटभर तरी चालायचा, आता तो नमस्कार म्हणायच्या आतच बंद पडला. साडूंचं तोंड उतरलं. त्यांनी उदबत्ती पेटवली, पुढच्या पंख्यासमोर धरली. धूर आत गेला, आणि कुठूनच बाहेर येईना. ते खाली वाकून, चारही बाजूंनी फिरून त्या धुराची वाट बघत राहिले.

अक्का पलीकडे बिबड्यांचा डबा भरत बसल्या होत्या. त्यांना दिसत काही नव्हतं, पण उदबत्तीचा वास आला आणि नवरा गप्प आहे हे कळलं, म्हणजे काय झालं असेल ते त्यांनी ओळखलं. डब्यातून हात न काढता त्या म्हणाल्या, “अहो, कूलर लावला की समोरची खिडकी उघड म्हणून जन्मभर माझ्या मागे लागलात. त्याची खिडकी कुठे आहे?”

केळीच्या खोलीत गारवा आधीच असतो, तो फक्त फिरवायचा. इथे मात्र तापलेली हवा बाहेर हाकलायची होती. साडूंनी लगेच चिकटपट्ट्या सोलायला घेतल्या. मागचे आणि वरचे पंखे उलटे करून त्यांची तोंडं बाहेर केली. पुन्हा उदबत्ती धरली, आणि धूर पुढून आत शिरून वरच्या भोकांतून भसाभस बाहेर पडला, इंजिनाच्या धुराड्यातून निघावा तसा. मशीन भर उन्हात अर्धा तास चाललं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा मिठी मारली आणि अक्कांना मात्र एवढंच सांगितलं की बिबडे यंदा चांगले झाले आहेत.

आम्ही निघणार होतो, पण मुक्काम रविवारपर्यंत लांबवला. दुपारी खिडक्यांना पडदे ओढून, अक्कांना समोर बसवून सगळी बटणं दाबली. नात दिसली, पडदा काळा झाला नाही, आणि ऐकू मात्र काही येईना. एवढे पंखे एकदम सुरू झाल्यावर त्या खोक्याची पिठाची गिरणी झाली होती. पलीकडून पोरगी ओरडून विचारत होती की आजी, तुमच्या घरात विमान आहे का, आणि अक्का कानाला हात लावून काय, काय करत होत्या. नजर अधू झालेल्या बाईचे कानही आम्ही काढून घेतले होते. साडूंनी क्षणभर अक्कांकडे पाहिलं, मग एकेक करून सगळी बटणं बंद केली. कॅबिनेटची कूस उघडली, कोपऱ्यातला ताडाच्या पानाचा विंझणा घेतला आणि टेबलामागे, भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या सांदीत बसून त्या मशीनला वारा घालायला लागले.

आवाज थांबला. पोरगी गाऊ लागली, शाळेतलं सांगू लागली, आणि मग जवळ येऊन तिने तोंड उघडून दाखवलं. अक्कांनी मान वळवली आणि कितीतरी वेळ कडेने पाहिलं. “नवा येतोय गं,” त्या म्हणाल्या, “पडलेल्याच्या शेजारी, कणाएवढा.” लेकीला ते खरं वाटेना, तिने स्वतः पोरीच्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि खरंच तिथे कणाएवढा दात होता. माझी बायको तर रडायलाच लागली. मला विचाराल तर मीही खिडकीकडे बघत होतो, पडदा ओढलेल्या.

मग पोरीने विचारलं की आबा कुठे आहेत. साडूंना उठता येत नव्हतं. हात थांबला की मशीन बंद पडलं असतं. टीव्हीच्या मागून आवाज आला, “आठेच शे माय, वारा घाली राह्यनू.” त्या संपूर्ण बोलण्यात त्यांना नात दिसली नाही आणि नातीला ते दिसले नाहीत. मी वाकून पाहिलं तर ज्या माणसाने आयुष्यात कुणाला बिनवाऱ्याचं बसू दिलं नाही, तो घरातल्या सगळ्यात कोंदट कोपऱ्यात घामाने निथळत बसला होता, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि हात चालूच. मी विंझणा घेऊ का म्हटलं तर मानेनेच नको म्हणाले. माझ्या हाताला वाऱ्याची बाजू कळत नाही, हे त्यांनी माझ्या लग्नापासून ठरवलेलं आहे.

बोलणं संपलं. अक्का चाचपडत टेबलाला वळसा घालून मागे गेल्या, खाली बसल्या आणि त्यांच्या हातातून विंझणा काढून घेतला. टीव्हीचा उजेड बघून आलेल्या त्या डोळ्यांना त्या अंधारात काय दिसणार? अंदाजाने त्या नवऱ्याला वारा घालू लागल्या, आणि तो सगळा वारा जात होता हातभर डावीकडे, भिंतीवर. मला वाटलं, आता हे सांगणार, बाजू चुकली म्हणून. पाहुण्यांच्या घरच्या पंख्यांनासुद्धा त्यांनी कधी सोडलेलं नाही. पण ते हळूच डावीकडे सरकले, वारा येत होता तिथे जाऊन बसले आणि डोळे मिटले.

“लागतोय का?” अक्कांनी विचारलं.

“बरोबर लागतोय,” ते म्हणाले.