ॲमस्टरडॅम नावाचं स्थळ

आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघायला गेलं की निदान चहा-पोहे तरी मिळतात. मी जे स्थळ बघायला गेले तिथे गादीला चादरसुद्धा स्वतःच घालावी लागली, आणि समोरच्या बंकवर झोपलेली अनोळखी बाई घोरत होती ते वेगळंच.

स्थळ म्हणजे मुलगा नव्हे, अख्खं शहर. लेकीला ॲमस्टरडॅममध्ये नोकरी मिळाली होती आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. एकुलती एक, सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, भात कुकरला लावायचा म्हटलं तरी मला फोन करणारी. ती म्हणाली, आई, तू आधी शहर बघ, तू नाही म्हणालीस तर मी नाही जाणार. एवढा आज्ञाधारकपणा तिने खोली आवरताना दाखवला असता तर मी सत्यनारायण घातला असता. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते. घरातले सगळे मोठे निर्णय तो असेच घेतो.

मी मनात कधीच ठरवलं होतं की नाही म्हणायचं. फक्त रीतसर बघून नाही म्हणायचं, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. पुण्यात आमच्या नात्यातल्या बायका पोटभर पोहे खायच्या, मुलाच्या आईच्या साडीचं कौतुक करायच्या आणि जिना उतरता उतरता स्थळ मोडून टाकायच्या. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

लेकीची अट एकच होती. टूर नाही, हॉटेल नाही, बॅकपॅक आणि हॉस्टेल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला गुडघे नसतात. सिंगापूरच्या मराठी मंडळातल्या बायकांनी ट्युलिप्सचे फोटो पाठव म्हणून बजावलं. ऑक्टोबरात ट्युलिप्स नसतात हे सांगून मी कोणाचा हिरमोड केला नाही. बॅगेत मेतकूट, लसणाची चटणी आणि टिश्यूची छोटी पाकिटं भरली. सिंगापुरात राहणाऱ्याला या पाकिटांचा उपयोग सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की रिकाम्या टेबलावर आधी टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. याला म्हणतात 'चोप' करणं. पाकीट दिसलं की ती जागा कोणाची तरी आहे. मोठे मोठे साहेब ताट हातात घेऊन ताटकळत उभे राहतील, पण त्या खुर्चीवर बसणार नाहीत.

तर शहर. कालव्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या पुण्यात माहेरच्या घरामागून कालवा जायचा, टॅम्पिनीसलाही ब्लॉकमागे सिमेंटचा आहे, त्यात अधूनमधून बगळा उभा असतो. त्यांचे फोटो काढायला अजून कोणी विमानाने आलेलं नाही. इथे मात्र प्रत्येक पुलावर माणसं पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. घरं उंच, अरुंद, आणि एकमेकांच्या खांद्यावर माना टाकलेली. लेक म्हणाली, खाली लाकडी खांबांचा पाया आहे, शेकडो वर्षं जुना. मी म्हटलं, म्हणजे मुलाचं वय लपवलंय.

जिने तर असे उभे की चढताना नाक वरच्या पायरीला लागावं. त्यातून सामान जात नाही, म्हणून प्रत्येक घराच्या कपाळावर एक लोखंडी आकडा. त्याला दोर बांधून सोफा खिडकीतून आत घेतात म्हणे. आमच्या ब्लॉकची लिफ्ट जरा अडकली तर लोक थेट खासदाराकडे जातात. आणि सायकली! सायकलवाले घंटी वाजवतात ती तुम्हाला सावध करायला नव्हे, तुम्ही मेलात हे कळवायला.

बुधवारी पाऊस पडला. बोटीत बसून काचेवरचे थेंब बघितले, त्यालाच साइटसीइंग म्हणायचं. मी एकेक दोष काढत होते आणि लेक ऐकून घेत होती. एरवी माझ्या एका वाक्याला चार उत्तरं देणारी मुलगी नुसती मान हलवत होती. मला वाटलं, चला, पोरीच्या डोक्यात प्रकाश पडतोय.

गुरुवारी ऊन पडलं, तशी ती मला कालव्याकाठच्या एका कॅफेत घेऊन गेली. तिथला सफरचंदाचा केक म्हणे जगात भारी. टेबलं बाहेर, पाण्याला लागून. केक आणि चहा आत काउंटरवर जाऊन आणायचा. एकच टेबल रिकामं होतं. मी अर्थातच त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही आत रांगेत उभ्या राहिलो.

परत आलो तर टेबलावर दोन म्हाताऱ्या बायका आणि पायाशी एक कुत्रा. माझं पाकीट त्यांनी वाऱ्याने उडू नये म्हणून बशीखाली नीट दाबून ठेवलं होतं. मला बघताच त्यातल्या एकीने हसून ते माझ्या हातात दिलं: कोणाचं तरी राहिलं होतं, आम्ही सांभाळून ठेवलं.

माझं टाळकंच सरकलं. मी शुद्ध मराठीत सुरू केलं, की अख्ख्या सिंगापुरात असला अडाणीपणा कोणी करणार नाही. लेकीने मला कोपराने ढोसलं आणि वाक्याला सिंगापुरी 'ला'चं शेपूट लावत म्हणाली, "आई, इकडे चोप कोणाला माहीत नाही ला." मग ती त्या बायकांकडे वळली आणि सरळ विचारलं, आम्ही इथेच बसलो तर चालेल का?

चालेल? त्यांनी लगेच खुर्च्या सरकवल्या, कुत्र्याला उठवून दुसरीकडे बसवलं. माझा केक संपायच्या आत लेकीला कळलं होतं की खोली कोणत्या भागात शोधायची, बाजार कोणत्या वारी भरतो, आणि सायकल जुनीच घ्यायची कारण नवी चोरीला जाते. ती हसत होती, हातवारे करून बोलत होती, त्यांच्या भाषेतला एक शब्द पुन्हा पुन्हा घोकत होती. त्या दोघी तिला दुरुस्त करत होत्या. मी टिश्यूचं पाकीट मांडीवर धरून बसले होते. केक खरंच चांगला होता, याचाही राग आला.

इतकी वर्षं मी हिच्यासाठी जागा धरून ठेवली. शाळेच्या बसमध्ये, क्लासमध्ये, मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत. आणि ही बघावं तर नुसतं विचारून बसत होती.

म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन गेल्या. मी कालव्याकडे बघत म्हटलं, "पसंत आहे."

मला वाटलं लेक गळ्यात पडेल. ती काट्याने उरलेला चुरा गोळा करत राहिली.

"मला वाटलं होतं तू नाही म्हणशील," ती शेवटी म्हणाली.

मी म्हटलं, मग तर झालं, घोडं गंगेत न्हालं. कळव त्यांना.

"तसं नाही. तू नाही म्हणाली असतीस तर मला ठरवायलाच लागलं नसतं. मी तुझ्या भरवशावर होते, आई. मला खूप भीती वाटतेय."

म्हणजे तीन दिवस मी नाकं मुरडत होते तेव्हा ही मनातून मला हुरूप देत होती. एक शब्द बोलले असते तर ती माझ्याबरोबर परत आली असती, आनंदाने, आणि मला आयुष्यभर वाईट बाईसुद्धा कोणी म्हटलं नसतं. तो शब्द अगदी जिभेवर होता. मी गार झालेला चहा प्यायले आणि त्याच्याबरोबर तो गिळला.

"मलाही वाटतेय," मी म्हटलं. "पण पसंत म्हटलंय, आता फिरवायचं नाही. तुझ्या खोलीत भाडेकरू ठेवणार नाही, एवढं नक्की."

तेव्हा ती रडली. भर कालव्याकाठी, फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत, शाळेत पहिल्या दिवशी रडली होती तशी, नाक ओढत. मी मांडीवरचं पाकीट फोडून तिला टिश्यू दिला, मग स्वतःलाही घेतला. बघता बघता पाकीट संपलं.

माझ्या बॅगेत अजून एक होतं. उठताना ते काढलं आणि तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवलं. तिने बघितलं, पण इकडे त्याचा उपयोग नाही असं काही म्हणाली नाही.